परिचयाचा कागद

परिचय तीन मिनिटांत आटपा, समितीनं बजावलंय.
माझ्याकडे चार पानं आहेत,
आणि पाठीमागे सुपीरिअर सरोवर
एप्रिल लागला तरी अर्धं गोठलेलं.

तर, आयली कोर्पिनेन.
वय एकोणऐंशी. पहिली नोकरी डुलुथच्या पाणी खात्यात,
घरोघरच्या तळघरांत उतरून मीटर वाचायची.
कुत्री तिच्या बुटांचा वास ओळखायची.
कुणाच्या नळाखाली बादली लावलेली आहे,
जानेवारीत कुणाची भट्टी थंड पडली आहे,
हे ती वहीच्या मागच्या पानांवर टिपून ठेवायची.
खात्यानं मागितलं नव्हतं.

पुढे नगरसभा, तीनदा निवडून.
हे मी उरकतो. शिशाचे नळ बदलले,
ग्रंथालयाचा ठराव एका मतानं हरली,
आणि एकदा भर सभेत म्हणाली,
"पाणी कुठे मुरतंय ते मला विचारा,
मी जमिनीखालूनच वर आलेय."
हरवलेली फाईल दुसऱ्या दिवशी आपोआप सापडली.

(इथे लोक हसतील. थांबायचं.)

मग कागदाची गिरणी.
मंडळानं बोलावलं, ती गेली.
छापील मजकूर म्हणतो, कठीण काळात कंपनी सावरली.
सावरली खरी,
दोनशे बारा माणसं कमी करून.
प्रत्येक पत्रावर सही तिची, निळ्या शाईची;
शिक्का चालला असता.
माझ्या भावाचं पत्र अजून आईच्या शिवणपेटीत आहे.
यादी आडनावांप्रमाणे होती, आम्ही स्टोलबर्ग,
म्हणजे तिचा हात दुखायला लागल्यावर
वर्नरची पाळी आली असणार.
त्याच्या सहीतला क जरा ढासळलेला आहे.

दोन वर्षं वर्नर तिला पाण्यात पाहायचा.

मग तिनं गिरणी सोडली आणि
ल्युथरन चर्चच्या तळघरात,
पुन्हा तळघरच,
संस्था काढली. सूप, जुने कोट, थकलेली वीजबिलं.
पहिल्या हिवाळ्यात रांगेत कोण उभं होतं
हे कुठल्याच अहवालात नाही.
वर्नर होता. पळी तिच्या हातात होती.
त्यानं वाडगा पुढे केला नाही.
तिनं पळी खाली ठेवली नाही.
मागची रांग खोळंबली. वाटाण्याची वाफ.
कुणीतरी उगाच खोकलं.
शेवटी तो म्हणाला, "मीठ कमी असतं म्हणे तुमच्यात."
तिनं बरणी त्याच्याकडे सरकवली.
पुढे अकरा वर्षं, जाईपर्यंत,
तिथलं मीठ वर्नरच घालायचा.

मी तिला विचारलं होतं, त्याच्या दफनानंतर, गाडीत.
काच पुसत म्हणाली,
"तशी वेळ आली तर पुन्हा सही करीन.
झोप तेव्हाही लागली नव्हती."
मला हे पटलेलं नाही.
परिचय तरीही मीच करून देतोय.

चौथ्या पानावर नुसते पुरस्कार.
ते घडी घालून खिशात.

नव्या पंपघरावर तिचं नाव कोरलंय, फीत ताणलेली आहे,
महापौर घड्याळ बघताहेत,
आणि जिच्यासाठी खुर्ची मांडली
ती भिंतीशी वाकून
पाइपाला कान लावून उभी.
मी माइक हातात घेतो. घसा साफ करतो.
"गळतोय," ती म्हणते,
माझ्याकडे न बघता.