दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

पहिल्या बाजूने सुरुवात करू नकोस.
तिथली गाणी कुणालाही आवडतात.
कॅसेट उलटी घाल, फीत पुढे पळव, थांब.
ट्रंपेट संपल्यावर बाई श्वास घेते,
तिथून.

बायणाच्या एका खानावळीत कुण्या खलाशाने
ती टेबलावर विसरली, किंवा ठेवली.
बाबा सांगताना दर वेळी क्रियापद बदलायचे.
तेव्हा ते बार्जवर होते.
डिचोलीकडची लाल माती मांडवीतून खाली आणायची,
मुरगावला जहाजाच्या पोटात ओतायची,
आणि जहाज जपानला.
घरी येत तेव्हा कानांच्या पाळ्यांमागेही लाल असायचं,
टॉवेल आईने वेगळा ठेवला होता.
एवढी माती गेली
आणि बदल्यात साठ मिनिटांची फीत आली आमच्या घरी.
सौदा वाईट होता असं मी म्हणणार नाही.

कव्हरवर निळ्या गाडीला टेकलेली बाई, रात्रीचा पूल.
नाव वाचता येत नाही; बाईचं, पुलाचं, कशाचंच.
मी तिला पूलवाली म्हणतो.
बिस्किटांच्या डब्यात ती अठ्ठावीस वर्षं पडून होती,
शिवणाच्या सुया आणि कसल्यातरी किल्ल्यांबरोबर.
वास्कोच्या इनासियूने टेपला नवा पट्टा बसवला,
पैसे घेतले नाहीत, म्हणाला, आधी वाजू दे.
वाजली.
आम्ही दोघं दुकानाचं शटर अर्धं ओढून
उभ्या उभ्या ऐकत राहिलो.

मग मी शब्द गोळा करायला लागलो, भंगार करतात तसे.
सोरा म्हणजे आकाश.
इनासियू दिवसभर हसला :
आमचा सोरो सातनंतर, त्यांचा बघ, डोक्यावर कायमचा!
हाना म्हणजे फूल.
आपल्याकडे हाणा म्हणजे हाणाच.

शिफारस करायला गेलं की माणसं सावध होतात,
विमा विकायला आल्यासारखी.
ऑफिसातला सुदिन म्हणाला, कार्टूनमधलं ना हे?
रोहिदास ड्रायव्हरने कुठ्ठाळीपर्यंत लावली,
मागून मासळीवाली ओरडली,
बाबा, जरा हळू, टोपलीतली सुंगटां जागी होतील.
भाची रेवतीने एका कानात घालून ऐकलं,
मान हलवली, आणि फोनवर
तसल्याच चाळीस बायका काढून दाखवल्या,
नावांसकट, सालांसकट.
मला आनंद व्हायला हवा होता.
मला राग आला.
पूलवाली एकटी असावी, असं कुठेतरी धरून चाललो होतो.
(त्या चाळिसांतल्या सहा-सात फार चांगल्या आहेत.
पुढच्या वेळी सांगीन.)

आईला मी ऐकवलीच नव्हती.
ती सोलं वाळत घालत होती, टेप आत चालू होता,
तेच गाणं, तोच शेवट,
पूलवाली एकच शब्द धरून बसते :
आई, आई, मग जरा थांबून, आई.
आई दारात आली. बोटं जांभळी.
"कितले उलो मारता पोर आईक," म्हणाली,
"ती ओ कित्याक दिना?"
आणि पाटावर बसली, संपेपर्यंत.
दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, ती पोर लाव.

त्यांच्याकडे आई म्हणजे प्रेम.
हे मी नंतर शोधलं.
तिला सांगितलं नाही.
कोण कुणाला हाक मारतंय हे तिचं ठरलेलं होतं
आणि सुरात काही चुकत नव्हतं.

तर, दुसऱ्या बाजूचं तिसरं.
दिवे घालवायची वगैरे गरज नाही,
भांडी घासतानाही चालतं.
गाणं संपलं तरी बंद करू नकोस,
फीत थोडी उरते, नुसती खरखर,
आणि तिच्यात, कुणीतरी एकदा चुकून
रेकॉर्डचं बटण दाबलं होतं त्यामुळे,
एका माणसाचा खोकला आहे.
दोनदा.
मग खुर्ची सरकते.
तेही ऐक.