डावा कान

उजवा कान सहाव्या वर्षीच गेला, तापात.
डाव्यानं थोडं मागे ठेवलं:
जाड, खालचे आवाज, अंगाला चिकटून आलेले.
नवरात्रातला ढोल, अगदी पुढ्यात असला तर.
आणि रावपुऱ्यातल्या आमच्या लॅबमधलं
प्लास्टर हलवायचं यंत्र.

डॉक्टर अमीन म्हणाले, डावाच घेऊ.
म्हणाले म्हणजे लिहिलं, गुजरातीत,
त्यांच्या मिशा ओठांवर येतात.
उजवी नस चाळीस वर्षं झोपलेली,
डावी अजून जागी आहे, तिलाच तार देऊ.
मग खाली एक रेघ मारून:
आता जे थोडं ऐकू येतं, ते बहुधा जाईल.

तो 'बहुधा' मी घरी घेऊन आले.

सीटी झाला. एमआरआय झाला,
त्या बोगद्यात म्हणे फार आवाज असतो,
मला नुसत्या दाढा हलल्यासारख्या वाटल्या.
न्यूमोनियाची लस, दंड दोन दिवस जड.
पतपेढीचं कर्ज मंजूर, जामीन शिर्केवहिनी.
पलकनं यंत्राच्या रंगांचा तक्ता पुढे केला,
काळा, करडा, चंदेरी, वाळूसारखा,
मी त्यात दातांची छटा शोधत बसले. सवय.
ऋजुता म्हणाली, आई, निळा घे, लपवू नकोस.
निळा घेतला.

तेवीस वर्षं मी लोकांच्या कवळ्या करते
आणि त्यांचेच ओठ वाचते.
फणसेकाकांचे वरचे चार दात बदलले
तेव्हा त्यांचा 'स' मला आठवडाभर अनोळखी होता.
बाळ, माळ, पाळ, ओठांवर तिन्ही एकच.
मी अंदाज बांधते, तो चुकला की हसते,
माझं बरंचसं हसणं तेच.
फॉर्मवर लिहिलंय: चेहऱ्याची नस दुखावू शकते,
शंभरात एखाद्याची. चव बदलू शकते. तोल जाऊ शकतो.
दागिने काढावेत. कवळी असल्यास काढून ठेवावी.
इथे मात्र मी खरंच हसले.

पहिले काही महिने आवाज माणसांसारखे नसतील,
पत्रा, शिट्टी, टिकटिक, असं पलक लिहून देते.
ऋजुताचाही पत्र्याचाच लागेल.
तिचा आवाज कसा आहे मला माहीत नाही,
तेव्हा पत्र्याचा निघाला तरी म्हणेन, हाच.

नफीसाला सांगायला पंधरा दिवस लावले.
सूरसागरच्या कठड्यावर, दिवे लागायच्या आत,
कारण अंधार पडला की आमचं बोलणं तळहातावर येतं.
ती पाण्याकडे बघत राहिली,
म्हणजे माझ्या हातांकडे बघितलं नाही.
आमच्यात दार आपटायचं ते असं.
मग खुणेनं म्हणाली,
तू आता डोळे मिटून ऐकायला लागशील.
मी म्हटलं, रात्री ते काढूनच झोपायचं असतं.
ती म्हणाली, मग रात्रीची येत जा.

परवा ऑपरेशन.
थिएटरात सगळ्यांच्या तोंडावर मास्क,
तिथे मी दोनदा बहिरी.
म्हणून भूल देणाऱ्या बाईंशी आधीच ठरवलंय:
झोपवण्याआधी मनगटावर दोन टिचक्या,
उठवतानाही दोनच.
ऋजुता रोज सराव घेते,
मुद्दाम तिसरी मारते, बेइमान.

आज लॅब बंद केली
आणि कुलूप लावून पुन्हा उघडली.
वाटीत प्लास्टर नव्हतं, तरी यंत्र सुरू केलं,
डावा गाल टेबलावर टेकवला.
घूं.
कोणाला आवडत नाही हा आवाज,
रमणभाई तर कानात कापूस घालतात.
मी किती वेळ तशी होते कोण जाणे,
गालावर टेबलाची शीर उमटली.
समोरच्या फळीवर लोकांचे जबडे, पांढरे, उघडे,
प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव आणि तारीख,
सगळे मंगळवारी द्यायचे.
मी नसणार, म्हणून चिठ्ठी लिहिली:
रमणभाई, यंत्राचा मागचा पाय सैल होतो.
आवाज बदलला की आवळायचा.
आजवर ते माझ्याकडे होतं.