पुढे काय मोडायचं

त्या शनिवारी माझंच चाक मला ओलांडून पुढे गेलं.
हिरवा दिवा, पहिले साठ फूट,
मग डावीकडे एकदम हलकं वाटलं, दात पडल्यासारखं,
आणि खिडकीतून बघते तर
टायर, रिम, अर्धा आख, सगळं एका जिवानं
कॅन्ससच्या अंधारात धावत सुटलेलं.
ब्युइक पोटावर बसली. ठिणग्याच ठिणग्या.
लाउडस्पीकरवरचा माणूस ओरडला,
"चाक पहिलं, गाडी दुसरी!"
लोक हसले. हेल्मेटच्या आत मीही हसले,
गुडघे मात्र माझं ऐकत नव्हते.

सोमवारी सहा-दहाला स्कूल बस सुरू केली.
सतरा वर्षं चालवतेय,
तिचा मागचा आख कधी कुरकुरला नाही.
बेचाळीस मुलं, बेचाळीस डबे,
रेल्वे फाटकापाशी रोज पूर्ण थांबायचं.
तिला कुठे कोणाला हरवायचंय?

फेरिस उन्रूच्या भंगार यार्डात
फेब्रुवारीत काही काढायचं तर आधी बर्फ फोडावा लागतो.
त्यानं तीन आख दाखवले,
बाजारात जनावर दाखवावं तसे, पाठीवर थाप मारून.

"हा तुझ्याच गाडीच्या घराण्यातला.
आत तीस दाती दांडे घाल, क्लिपा फेकून दे,
बाहेरून आवळून घे. निम्म्या पैशात काम."
खरंय. पण ज्या घरानं एकदा दगा दिला
तिथे पुन्हा सोयरीक?

"हा एकटनी व्हॅनचा. हत्ती बांध, मोडायचा नाही."
उचलायला गेलो, दोघांनाही उचलेना.
याला पाठीशी घेऊन माझी ब्युइक
बारा सेकंदांत नव्हे, बाराच्या ठोक्याला पोचेल.
नाकापेक्षा मोती जड. पुढचा दाखव.

"नऊ इंची. त्र्याहत्तरच्या फोर्ड पिकअपचा."
ब्युइकखाली फोर्ड!
माझा भाऊ लेलंड हे ऐकून
थँक्सगिव्हिंगला जेवायला यायचा नाही.
पण याचं पोट पुढून उघडतं,
टेबलाचा खण ओढावा तसे गिअर अख्खे हातात येतात.
पिनियन खाली बसतो, म्हणून थोडी ताकद खातो.
खाऊ दे. राबणाऱ्यानं खावंच.

टेप लावला. तीन इंच रुंद.
कापायचा, पुन्हा जोडायचा, सरळ.
वेल्डिंगच्या आचेनं नळी केसभर वाकली
तर टायर जन्मभर एकाच कडेनं झिजतो.
असे दोन संसार मी जवळून पाहिलेत. एक माझा.

मग हातमोज्यात फुंकर घालत फेरिस म्हणाला,
"डेल्फीन, हा काही मोडत नाही.
पुढे काय मोडायचं ठरवलंयस?"

मी टेप गुंडाळत राहिले.
जोर कुठे नाहीसा होतो थोडाच?
आखानं अडवला तर शाफ्टात शिरतो,
शाफ्ट जाड केला तर गिअरबॉक्समध्ये,
तो पोलादी केला तर इंजिनात,
आणि सगळंच अभेद्य केलं
तर गाडीत मऊ अशी एकच वस्तू उरते,
पट्ट्यांनी सीटला बांधलेली.

"युनिव्हर्सल जॉइंट," मी म्हणाले.
"वीस डॉलरचा, साधाच ठेवीन.
वर लोखंडी कडं, शाफ्ट सुटला तर रस्त्यात रुतायला नको."
दांडे एकतीस दाती. पस्तीस मागितले नाहीत.
फेरिसनं साडेतीनशे सांगितले होते,
तीनशे घेतले, आणि पहार पुन्हा बर्फात रोवली.

पुढच्या आठवड्यात, शेवटच्या थांब्यावर,
पहिलीतल्या तबिथानं नाक मुरडलं.
"मिस डेल्फीन, तुमच्या हाताला कुजक्या अंड्याचा वास येतोय."
"गिअर ऑइल."
"काय मोडलं?"
"अजून काही नाही."
ती कठडा धरून एकेक पायरी उतरली,
निसरड्या वाटेवर बदकासारखी चालत गेली.
तिच्या घराचं दार लागेपर्यंत
मी लाल दिवे चालूच ठेवले.