पडद्याआड सात

धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर,
जेवणाच्या टेबलावर आमटीच्या पातेल्याचा
गोल डाग पडलाय, तो मी घासत नाही.
तिथे तळं आहे. जानेवारीपासून.
काठावरचा मनोरा म्हणजे मिठाची बरणी,
आणि टेबल संपतं त्याच्या पलीकडे काय आहे
ते अजून मलाही ठरवायचंय.

रविवारी तीनला येतात सगळे.
हेल्मेटं सोफ्यावर, चपला जिन्यात.
ज्ञानदा आठवडाभर लोकांचे गुडघे वाकवते हडपसरला,
इथे कुऱ्हाड चालवते, कुणाचं ऐकून घेत नाही.
इरफाना चोर आहे,
कुलूप उघडण्याआधी "सॉरी हां" म्हणते कुलपाला.
कौस्तुभला नियम पाठ, पान नंबरासकट.
आणि भोंडवे.
चाकणला शिफ्ट, तिथून दोन बस बदलून यायचा.
विचारलं तर मान हलवेल, एवढंच बोलणं.
इथे तो गायक, लांब कानांचा, अडीचशे वर्षांचा.
नाव दवणा.
"दवणाच का रे?"
"वास येतो ना, मॅडम."

खरं सांगायचं तर माझं जग सगळं उचललेलं आहे.
गुहेचं तोंड कात्रजच्या जुन्या बोगद्याचं,
भुतांचा बाजार म्हणजे शनिवारची मंडई, दर थोडे चढे.
कुणाला पत्ता लागला नाही.
भोंडवेने फक्त एकदा विचारलं,
"बोगदा संपल्यावर डावीकडे चहाची टपरी आहे का?"
मी म्हटलं, आहे.
त्या दिवसापासून आहे.

माझ्यासमोर पडदा म्हणून
मामेभावाची लग्नपत्रिका उभी, जाड पुठ्ठ्याची.
गणपती त्यांच्याकडे, आकडे माझ्याकडे.

त्या रविवारी तळ्यातला राखणदार वर आला.
दवण्याचे चार प्राण उरले होते.
आणि त्याच आठवड्यात भोंडवेची नोकरी गेली होती,
आल्या आल्या सांगितलं त्याने, खारीचा पुडा ठेवता ठेवता,
बस उशिरा आली म्हणून सांगावं तसं.
मी फासा टाकला.
वीस.
वीस बाजूंपैकी नेमकी तीच वर, सरळ माझ्याकडे बघत.
मी म्हटलं, "सात. हुकला."
ज्ञानदा ओरडली, इरफानाने टाळी दिली,
कौस्तुभने एकदा माझ्याकडे पाहिलं
आणि खारी चहात बुडवली.

रात्री जिन्यात बूट घालता घालता, मान खाली :
"खरा किती पडला होता?"
"वीस."
नाडी बांधून झाली. दुसरी बांधली.
"कंपनीत पण असंच. दोन महिने म्हणत होते,
तुझं नाव यादीत नाही.
पुढच्या वेळी तेवढी पत्रिका आडवी ठेवा."

ठेवली.
पुढच्या रविवारी राखणदार परत आला,
फासा टेबलावरून उडाला, फ्रिजखाली गेला.
पाच माणसं गुडघ्यांवर, मोबाईलचे टॉर्च,
धूळ, एक वाळलेला वाटाणा, आणि
आमच्याआधी भोंडवेनेच वाचलं :
"एकोणीस."

कुणी काही बोललं नाही.
खालच्या मजल्यावर मिक्सर चालू होता, तो थांबला.
मग ज्याला आम्ही कधी चार वाक्यं सलग बोलताना ऐकलं नव्हतं
तो जमिनीवर बसूनच दवण्याच्या आवाजात बोलायला लागला.
कुऱ्हाड धुऊन ठेव म्हणाला. चोराला म्हणाला, माफी मागत जा, शोभतं तुला.
टपरीवर माझे सहा रुपये बाकी आहेत, तेवढे द्या.
इरफाना हसली आणि मग हसणं थांबवता येईना तिला.

मी फासा उचलला.
फ्रिजखालच्या गरमीने तो कोमट झाला होता,
नुकताच कुणीतरी हातातून ठेवल्यासारखा.

भोंडवेने दवण्याचा कागद घडी करून खिशात टाकला,
नवा ओढला. पेन्सिल चावली.
नावाची जागा तशीच सोडून त्याने विचारलं,
"काय काय होता येतं?"

कौस्तुभने पुस्तक उघडलं.
यादी लांब होती.