देऊ शकेल

मासेरूच्या सरकारी छापखान्यात
मी मुद्रितं तपासतो. अठरा वर्षं.
चुकलेला स्वल्पविराम मला दारातूनच दिसतो,
मेंढपाळाला लंगडी मेंढी दिसावी तसा.

काल रात्री कामगार कायद्याचं गॅझेट आलं,
सत्तावन्न पानं, शाई बोटाला लागणारी,
वर चिठ्ठी : सकाळी सातच्या आत.
मोखेले साहेब कोट न काढता उभे होते,
हीटरकडे पाठ करून.

कलम एकतीस, पोटकलम दोन.
रात्रपाळी सुटल्यावर घरी जायला
मालक गाडी देईल,
असं सभागृहात वाचलं होतं.
आम्ही ते रेडिओवर ऐकलं, बटाटे सोलताना.
लिमाकात्सोने सुरी खाली ठेवून
टाळी वाजवली होती, एकच,
डास मारल्यासारखी.

आता तिथे आहे : देऊ शकेल.

मी पेन्सिल उचलली.
समासात प्रश्नचिन्ह काढलं,
लहानसं, कमरेत वाकलेलं.
साहेब म्हणाले, ते तसंच आहे.
मी म्हणालो, मूळ मसुद्यात तर...
ते म्हणाले, मूळ मसुदा गुरुवारी जेवायला गेला होता.
टेबलावर कोण कोण होतं तेही सांगितलं :
एकाच संघटनेचे तीन अध्यक्ष,
मंत्र्यांचे सचिव,
आणि कारखानदारांचा तो माणूस,
जो दर वर्षी खिशातून
दुसऱ्या देशाचा नकाशा काढतो
आणि घडी न उलगडता परत ठेवतो.

'कारखाने राहिले तर गाड्या,' साहेब म्हणाले.
त्यांची धाकटी तिथेच आहे, कटिंगला.
हे त्यांनी सांगितलं नाही.

मग मी माझं काम केलं.
पान चव्वेचाळीसवर 'अपघात'मधलं एक अक्षर गळलं होतं,
ते घातलं.
दोनदा पडलेला 'आणि' एकदा केला.
प्रश्नचिन्ह खोडलं, रबराचा भुगा फुंकला,
सही केली.

पहाटे थेत्सानेच्या नाल्यात
पाणी निळं होतं, जीन्सचं निळं.
काठाला बर्फाची साय, तीही निळी.
रात्रपाळीच्या बायका चालत येत होत्या
ब्लँकेटं गुंडाळून, चौघी-चौघी.
मधल्या दोघी बोलत राहतात,
कडेच्या दोघी मागे बघत.
गेल्या हिवाळ्यात मात्सेलिसो एकटी निघाली होती.
तिची ताई अजून तिच्या मशीनवरचा नंबर
बदलू देत नाही.

लिमाकात्सो स्टोव्हपाशी बसली होती, बूट न काढता.
मी तिला सांगितलं.
पेन्सिलीचं सांगितलं, रबराचं नाही.
तिने विचारलं, कितीसा फरक आहे?
मी अंगठ्याने बोटांची पेरं मोजली.
एका हाताचीसुद्धा पुरून उरली.

ती म्हणाली, आतल्या शिवणीत एक टाका सुटला
तर आमच्याकडेही वरून काही दिसत नाही.
पँट उलटी करून बघावी लागते,
तेवढा वेळ कोणाला असतो?
तपासणारी शिक्का मारते, खोकं बंद.
दुसऱ्या धुण्यात कळतं,
तोवर ती पँट समुद्रापलीकडे
कोणाच्या तरी मांडीवर असते.

मग बुटाची नाडी सोडत, माझ्याकडे न बघता :
तुमच्याकडे शिक्का कोण मारतं?

मी ज्वारीची पेज ढवळत राहिलो.
खाली लागल्याचा वास
केव्हाचा येत होता.