सब्ज़ी म्हणजे गाजर

खंडेराव मार्केटात मुहय्यो म्हणाली, सब्ज़ी द्या.
भाजीवाल्यानं अख्ख्या ठेल्यावरून हात फिरवला:
कई सब्जी, बेन? आ बधी सब्जीज छे.
तिनं वाकून एक गाजर उचललं.
तिच्या मार्गिलानमध्ये सब्ज़ी म्हणजे गाजर, फक्त गाजर,
काडीसारखं चिरून पुलावात घालायचं.

वरची खोली तिला दिली त्याला सात महिने झाले.
ती फार्मसी शिकते. मी ब्याऐंशी वर्षांचा,
कोयलीच्या रिफायनरीत रशियन इंजिनियरांचा दुभाषा होतो.
त्यांची ‘ज़ाद्वीझ्का’ मी फिटर लोकांना ‘व्हॉल्व्ह’ करून द्यायचो.
आमचं बोलणं रशियनमध्ये चालतं,
तिची शाळेतली, माझी पाइपलाइनवरची.
ती म्हणते, काका,
तुम्ही पावसाबद्दलही सूचनापत्रकासारखं बोलता.

दांडिया बाजारातल्या गॅलरीत
आम्ही भाषा निवडत बसतो, तांदूळ निवडावेत तशा.
द्वा, त्री, चेतीरे.
द्वेर म्हणजे दार. अगोन्य म्हणजे आग.
रशियन आपली रक्ताची,
पत्ता हरवलेल्या कुठल्याशा चुलत घराण्यातली.
उझबेकचं आपल्याला सुतक लागत नाही.
पण दफ्तर तिच्याकडे आहे, ती त्याला वही म्हणून वापरते,
हफ्ता आहे, तिचा आठवड्याचा, आपला बँकेचा.
दोघींनी एकाच दुकानातून उधार आणलेलं,
दुकानदार केव्हाच मेला.
फक्त ‘आ’ म्हणताना ती ओठ गोल करते,
कितोब, जवोब, ओस्मोन,
जणू प्रत्येक शब्द बशीतला चहा आहे.

आणि क्रियापद शेवटी. तिचंही, आपलंही.
रशियन माणूस वाक्याच्या दारातच सांगून टाकतो काय झालं ते,
आपण आधी बसवतो, पाणी देतो,
मग सांगतो, गेला.
गेला की गेली?
तिथे उझबेक गप्प.
तो, ती, ते, सगळ्यांना एकच ‘ऊ’.
एकदा फोन ठेवून ती जिन्यावर रडत होती.
मी रशियनमध्ये विचारलं, कोण गेलं?
रशियनमध्ये उत्तर द्यायचं तर बाई की पुरुष, सांगावंच लागतं.
ती उझबेकमध्ये म्हणाली, ऊ केत्दी,
आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून मी ठरवूनच टाकलं होतं:
मराठी आणि उझबेक, बहिणी नसल्या तरी जावा,
चुलीजवळच्या, हळू बोलणाऱ्या.
रशियन ती कचेरीतली, शिक्क्याची, वरून आलेली.

काल चहा ढवळत तिनं विचारलं,
या गावात तर सगळे गुजराती,
तुमची मराठी इथे आली कशी?
मी म्हणालो, फौजेबरोबर.
मग कारकून आले, कीर्तनकार आले,
माझे पणजोबा आले दरबारचा हिशेब लिहायला.
ती चमचा बशीत ठेवेपर्यंत काही बोलली नाही.
मग रशियनमध्ये, जिथे ‘आहात’ लागतच नाही:
तुम्ही इथले रशियन.

मी हसलो. हसू पूर्ण झालं नाही.
ताश्कंदच्या कुठल्या तरी तिसऱ्या मजल्यावर
असेल एखादा म्हातारा,
राज्य गेलं, पेन्शन राहिली,
नातवंडं दूरच्या देशी, आणि तो
खिडकीतून खाली बोट दाखवून भाजी मागतो.
गाजराला सब्ज़ी म्हणायला त्याला
किती वर्षं लागली असतील?

आज सकाळी पिशवी घेऊन एकटाच गेलो.
गाजर गुजरातीतही गाजरच, त्यात काय पुरुषार्थ.
कांद्यासमोर उभा राहिलो.
साठ वर्षं मी तिथे ‘कांदा’ म्हणतो आहे,
तो समजून घेतो आहे.
म्हणालो, डुंगळी. एक किलो.
त्यानं वर बघितलंसुद्धा नाही,
तराजू उचलला.