एकविसावी चादर

बंद सूतगिरणीच्या गोदामात
देश टांगलाय, सव्वीस चादरींवर.
मिठाच्या सत्याग्रहाला पांढऱ्या गाठी,
मार्शल लॉला काळा दोरा,
पुरला नाही तिथून पुढं निळा.

तिरंग्यापाशी फोटोंची गर्दी.
मी एकविसाव्या चादरीपुढं.
चाळीतली झाडून सगळी माणसं
माना एकाच बाजूला वळवून उभी.
कुणाचा हात पिठात तसाच,
कुणाची अर्धीच चढवलेली चप्पल.
आणि ती बघतात तिकडं
नुसतं कोरं कापड.

“इथलं भरायचं राहिलं का?”

नरसव्वा येमूल
विड्यांची कात्री कनवटीला खोचत म्हणाल्या,
“राहिलं कुठं? भोंगा हाय तो.
त्या दिवशी वाजलाच नव्हता.”

आमच्याकडं
भाकरी बांधून झाली होती.